उंची सहा फूट, गाडी कोणाच्या मापाची?

सोयाबीन बाजार समितीत गेले, हातात चार पैसे आले की आपल्या वाशीम जिल्ह्यात दोन विषय निघतात. एक घरातले लग्न आणि दुसरा घरातली गाडी. लग्नासाठी माणसे दहा ठिकाणी चौकशी करतात. गाडीच्या बाबतीत मात्र शोरूमच्या काचेतून दिसलेला रंग आणि मित्राने सांगितलेले दोन शब्द पुरतात. ट्रॅक्टर घेताना शेताचा विचार करणारा, बैल घेताना दात मोजणारा आपला शेतकरी मोटारसायकल घेताना स्वतःच्या शरीराचा विचार अजिबात करत नाही.

सध्या जुन्या वळणाच्या मोटारसायकलींची मोठी हौस आहे. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, चमकणारे क्रोम आणि संथ ठोक्याचे इंजिन. आमच्या तरुणपणी जी रूपे म्हातारी झाली असे आम्ही समजत होतो, तीच आता नव्या इंजिनावर बसून परत आली आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. त्यामुळे साडेतीनशेच्या आतल्या या गाड्यांकडे ओढा आणखी वाढला. तरीही रस्त्यावर येईपर्यंत दोन-अडीच लाख रुपये जातात. एवढी रक्कम आपल्याकडे पुन्हा पुन्हा हाती येत नाही. घेतलेली गाडी माणूस आठ-दहा वर्षे वापरतो, आणि ती मापाची नसेल तर आठ-दहा वर्षे सोसतो.

वाचकहो, आरोग्याच्या सदरात गाडीची खरेदी कशाला, असे आपल्याला वाटेल. माझे म्हणणे सरळ आहे. ज्या वस्तूवर माणूस रोज दीड-दोन तास बसतो, ती वस्तू त्याच्या कंबरेच्या, गुडघ्याच्या आणि मानेच्या आरोग्याचा भाग असते. आणि उंच माणसाच्या बाबतीत हे दुपटीने खरे आहे.

उंच माणसाची अडचण

आपल्याकडे प्रौढ पुरुषाची सरासरी उंची पाच फूट पाच इंचांच्या आसपास आहे. कारखाना बहुतेक गिऱ्हाइकांचे माप धरून गाडी बनवतो, त्यात त्याचे काही चुकत नाही. पण सहा फूट, सहा फूट दोन इंच उंचीचा माणूस त्या मापावर बसला की त्याचे पाय घडी घातल्यासारखे होतात. बुटक्या माणसाला गाडी उंच पडली तर ते शोरूममध्येच कळते, कारण पाय जमिनीला टेकत नाहीत. उंच माणसाचे पाय झकास टेकतात, म्हणून त्याला वाटते की गाडी बसली. त्याची अडचण तीस किलोमीटर गेल्यावर सुरू होते, आणि तोपर्यंत पैसे भरून झालेले असतात.

त्यात आपल्याकडे एक ठरलेले वाक्य आहे. मी स्वतः सहा फूट एक इंच आहे. गेल्या तीस वर्षांत पानठेल्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत किती जणांनी मला ऐकवले असेल, "डॉक्टरसाहेब, तुमच्या उंचीले बुलेटच शोभते!" यात प्रेम आहे, पण माप नाही. शोभते की नाही हे रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस ठरवतो. बसते की नाही हे बसणाऱ्याच्या गुडघ्यालाच विचारावे लागते.

दवाखान्यात काय दिसते

उंच दुचाकीस्वार माझ्याकडे साधारण तीन तक्रारी घेऊन येतात. पहिली, कंबरेच्या खालच्या भागात दुखणे, विशेषतः गाडीवरून उतरल्यानंतर सरळ उभे राहताना. दुसरी, गुडघ्याच्या वाटीमागे कळ येणे आणि जिना उतरताना ती वाढणे. तिसरी, मान आणि दोन्ही खांद्यांमध्ये ओझे बसल्यासारखे वाटणे, त्यासोबत हाताच्या बोटांना मुंग्या. बहुतेकांनी आधी मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेतलेल्या असतात. त्या गोळ्यांनी पोटात आग पडते, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि दुखण्याचे मूळ जिथल्या तिथे राहते.

एक उदाहरण सांगतो, ओळख पटणार नाही अशा बेताने. रिसोड रस्त्यावरच्या एका खेड्यातला तिशीच्या आतला तरुण. उंची सहा फूट दोन इंच. रोजची ये-जा साठ-सत्तर किलोमीटर. त्याने कर्ज काढून एक बुटकी, लांबट, पाय पुढे सोडून बसायची गाडी घेतली होती. "मोठ्या माणसाले पाय पसरून बसता येते" असे त्याला कोणीतरी सांगितले होते. सहा महिन्यांत कंबर धरली. पुढे उजव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाऊ लागली. अकोल्याला एमआरआय झाला, मणक्यातली चकती सरकल्याचे निघाले. तीन आठवडे काम बंद राहिले, गाडीचा हप्ता मात्र बंद राहिला नाही. केवळ गाडीमुळे हे झाले असे मी म्हणणार नाही. घरात पोती उचलण्याचे काम होते, व्यायाम नव्हता, तंबाखू होती. पण रोज दोन तास वाकलेल्या कंबरेने खड्ड्यांचे धक्के खाणे हे त्या आगीत तेलच होते. आई मला म्हणाली, "गाडी विकून टाकतो म्हणते, पण अर्धे पैसे बी येत नाही." गाडी निवडण्यातल्या हलगर्जीपणाची किंमत ती ही.

शरीरात नेमके काय होते

मांडी लांब असलेला माणूस बुटक्या बैठकीवर बसला की गुडघा काटकोनापेक्षा जास्त मिटतो. गुडघा जितका जास्त मिटेल तितका वाटीचा मांडीच्या हाडावरचा दाब वाढतो. पाच मिनिटे काही वाटत नाही, तासाभराने वाटते. गुडघा वर आला की खुब्याचा सांधाही जास्त मिटतो. खुब्याला जेवढे वाकायचे तेवढे वाकून झाले की उरलेला वाकण्याचा भाग कंबर घेते. म्हणजे कंबरेचा नैसर्गिक आतला बाक जातो आणि पाठ कमानीसारखी बाहेर येते. या कमानीत मणक्यांमधल्या चकत्यांवर पुढून दाब पडतो आणि मागच्या बाजूचे बंध ताणले जातात. त्यात खड्डा आला की धक्का थेट तिथेच पोहोचतो.

हात पुरत नाहीत किंवा हँडल फार खाली आहे, तर शरीराचा भार तळहातावर येतो. मनगटातून जाणारी नस दबते आणि बोटे बधिर होतात. उंच माणसाचे डोके वाऱ्याच्या झोतात जास्त वर असते. त्यामुळे मानेचे स्नायू सतत वाऱ्याशी झगडतात. अशा गाड्यांना समोर काच बसवण्याची पद्धत आहे. ती काच छातीवरचा वारा अडवते, पण तिच्या वरच्या कडेवरून उसळलेला वारा नेमका उंच माणसाच्या हेल्मेटवर आदळतो. बुटक्याला फायद्याची काच उंचाला डोकेदुखी ठरू शकते, ती अशी.

कागदावरचा आकडा आणि खरा आकडा

कंपन्यांच्या माहितीपत्रकात बैठकीची उंची दिलेली असते. काही आकडे नमुन्यादाखल पाहू. रॉयल एन्फील्डची २०२१ साली नव्या इंजिनासह आलेली क्लासिक ३५० आणि २०२३ ची बुलेट ३५०, दोन्हींची बैठक ८०५ मिलिमीटर. २०२० ची मीटिओर ७६५. होंडाची २०२० साली आलेली हायनेस सीबी ३५० आहे ८०० मिलिमीटर. २०१८ साली पुन्हा अवतरलेली जावा ७६५. बजाजने चाकणला बनवलेल्या ट्रायम्फच्या २०२३ सालच्या दोन गाड्यांपैकी स्पीड ४०० ची बैठक ७९०, तर स्क्रॅम्बलर ४०० एक्सची ८३५.

हे आकडे कसे वाचायचे? आधी स्वतःच्या पायाचे माप घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जाडसर वही दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत आडवी घट्ट धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर मोजा. माझे ८६ सेंटीमीटर भरले. म्हणजे ८०५ मिलिमीटरच्या गाडीवर माझे दोन्ही तळवे आरामात टेकतात, ८३५ वरही टेकतात. बैठकीची उंची हा आकडा पाय जमिनीला पोहोचतील का, एवढेच सांगतो. उंच माणसाला हा प्रश्न नसतोच. त्याच्यासाठी या आकड्याचा उपयोग उलटा आहे. जितका मोठा तितका बरा, एवढाच.

उंच माणसाच्या कामाचा खरा आकडा वेगळा आहे, आणि तो माहितीपत्रकात बहुधा छापलेला नसतो. तो म्हणजे बैठकीपासून फुटरेस्टपर्यंतचे अंतर. दोन गाड्यांची बैठक सारख्याच उंचीची असूनही एकीची फुटरेस्ट वर आणि मागे असेल, दुसरीची खाली असेल, तर गुडघ्याला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून शिंप्याकडे असतो तसला टेप खिशात घालून शोरूममध्ये जावे. सेल्समन हसला तर हसू द्यावा.

दुसरी गोष्ट बैठकीच्या आकाराची. क्लासिकची बैठक दोन भागांत असते आणि चालवणाऱ्याचा भाग खोलगट असतो, म्हणजे माणूस एका ठिकाणी पक्का बसतो. बुलेटची बैठक अखंड असल्याने लांब मांडीच्या माणसाला थोडे मागे सरकता येते. उंची दोन्हींची तीच, पण सरकायला मिळालेले दोन इंच गुडघ्याचा कोन उघडतात. मागे कोणी बसणार असेल तर मात्र ही सवलत जाते, हेही लक्षात ठेवावे. आपल्या घरातली माणसे मागे बसणार आहेत की नाही, याचा विचार आधीच करावा.

तिसरी गोष्ट फुटरेस्टच्या जागेची. पाय पुढे सोडून बसायच्या गाडीवर गुडघा उघडा राहतो, हे खरे. गुळगुळीत हमरस्त्यावर ती बसकण सुखाची वाटते. परंतु पाय पुढे असले की खड्डा दिसताच पायांवर भार देऊन बूड सीटवरून उचलता येत नाही. शरीराचा सगळा भार शेपटीच्या हाडावर राहतो आणि धक्का मणक्यात जातो. फुटरेस्ट साधारण गुडघ्याच्या खाली असतील तर खड्ड्यावर क्षणभर उठता येते आणि गुडघे शॉकअपचे काम करतात. आपल्या जिल्ह्यातले तालुक्यांना जोडणारे सगळेच रस्ते सारखे नाहीत, आणि पावसाळ्यानंतर तर विचारूच नका. कारंजा, शेलूबाजारकडून जाणारा समृद्धी महामार्ग गुळगुळीत आहे, पण त्यावर दुचाकीला परवानगीच नाही. तेव्हा गाडी आपल्या खऱ्या रस्त्याकडे पाहून निवडावी.

मी गाडी कशी घेतली

पन्नाशी उलटल्यावर मीही यंदा अशीच जुन्या वळणाची एक नवी गाडी घेतली. एमएच-३७ ची पाटी लावून ती दवाखान्यासमोर उभी राहिली, तेव्हापासून रोज चार जण विचारतात, "कोणती चांगली?" माझ्या गाडीचे नाव मी या सदरात मुद्दामच देत नाही. माझी मांडी तुमची नाही, माझी कंबर तुमची नाही. दुसऱ्याचा चष्मा लावून आपल्याला दिसत नाही, तसेच हे आहे. गाडीचे नाव घेण्यापेक्षा माझी पद्धत घ्या.

मी चार गाड्या पाहिल्या, त्यातल्या दोन अकोल्याला जाऊन. प्रत्येक ठिकाणी गाडी मेन स्टँडवर लावायला सांगितली, रोजचे बूट घालून तिच्यावर बसलो आणि मुलाला बाजूने फोटो काढायला लावला. फोटोत तीन गोष्टी पाहिल्या. गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा उघडा आहे का? कंबरेचा आतला बाक टिकला आहे का? कोपर थोडे वाकलेले आणि खांदे खाली सैल आहेत का? ज्या गाडीवर या तिन्हींचे उत्तर होय आले नाही, ती दिसायला कितीही देखणी असली तरी यादीतून काढली. एक गाडी मला फार आवडली होती. तिच्यावर माझे गुडघे टाकीच्या खोबणीच्या वर येत होते. सौ. म्हणाली, "लहान मुलाच्या सायकलवर बसल्यासारखे दिसता." वाक्य लागले, पण निदान अचूक होते.

मग हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून पाहिले. उंच माणसाच्या गुडघ्याला हँडलचे टोक लागते. गर्दीत गाडी वळवताना असे झाले तर तोल जातो. लेगगार्ड बसवलेली गाडी पाहिली, तिथे नडगी घासत होती. पाय मोठा असला की आणखी एक अडचण येते. ज्या गाड्यांना पुढे-मागे दोन्हीकडून दाबायचा गिअर असतो, तिथे अकरा नंबरचा बूट त्या दोन टोकांत अडकतो. तेही घालून पाहिले.

शेवटी चक्कर. शोरूमच्या दारातून चौकापर्यंत आणि परत, याला चक्कर म्हणत नाहीत. मी अर्धा तास मागितला. सुरुवातीला कुरकुर झाली, पण गिऱ्हाईक खरे आहे हे पटल्यावर मिळाला. एक लक्षात ठेवा, पहिली दहा मिनिटे आनंदाची असतात, त्यात शरीर खोटे बोलते. वीस मिनिटांनंतर ते खरे बोलू लागते.

घेतल्यानंतरची जुळवाजुळव

गाडी अगदी शंभर टक्के मापाची मिळणे कठीण. पण थोडक्या खर्चात ती मापाला आणता येते. सर्वांत स्वस्त आणि गुणकारी उपाय सीटचा. चांगल्या सीटवाल्याकडून चालवणाऱ्याच्या भागात एक ते दोन इंच घट्ट फोम वाढवून घ्यावा. मऊ लुसलुशीत फोम हाताला छान लागतो, पण तासाभरात दबून तळाला जातो. सीटवर सैल गादी किंवा टॉवेल ठेवू नये, तो सरकतो. करात वाचलेले पैसे खर्च करायचेच असतील तर ते चमकणाऱ्या दांड्यांऐवजी इथे करावेत. वर सांगितलेल्या तरुणानेही बरे झाल्यावर हाच उपाय केला, फुटरेस्टच्या जागेविषयी आपल्या मेकॅनिकशी बोलला आणि पाठीचे व्यायाम धरले. आज तो कामावर आहे.

हँडल थोडे वर किंवा जवळ घेता येते. मात्र त्यानंतर क्लच, ब्रेक आणि रेसच्या केबल पूर्ण वळणावर ताणल्या जात नाहीत ना, हे तपासून घ्यावे. ताणलेली केबल म्हणजे वळणावर आपोआप वाढणारी रेस. ब्रेकचा पॅडल आणि गिअरचा दांडा घोट्याला वाकडे करावे लागणार नाही अशा बेताने लावून घ्यावा, पाना फिरवण्याचे काम आहे. मागच्या शॉकअपचा कडकपणा बहुतेक गाड्यांत कमी-जास्त करता येतो. क्लासिकमध्ये त्याच्या सहा पायऱ्या आहेत. उंच माणूस वजनानेही बहुधा जास्त असतो. त्याने नव्वद किलो वजन सत्तर किलोच्या पायरीवर चालवले तर शॉकअप तळाला लागते आणि कंबर बोलते. आरशात स्वतःचे कोपरच दिसत असेल तर आरशाची दांडी लांब करून घ्यावी. मागचे वाहन न दिसणे ही पाठदुखीपेक्षा मोठी आपत्ती आहे.

हेल्मेट हाही मापाचाच विषय आहे. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याचा घेर टेपने मोजा. हेल्मेटवर ५८०, ६००, ६२० असे मिलिमीटरचे आकडे असतात, त्याच्याशी ताडून पाहा. पट्टा बांधून मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर फिरले पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ या मानकाचे, आयएसआय खूण असलेले हेल्मेटच विकण्याची सक्ती आहे. रस्त्याच्या कडेचे दोनशे रुपयांचे टोपडे म्हणजे पोलिसांना दाखवायची वस्तू, डोके वाचवायची नव्हे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे. अडीच लाखांच्या गाडीवर बायकोच्या डोक्यावर नुसता पदर, हे चित्र मला रोज दिसते आणि रोज खटकते.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी

आमच्या पिढीतले अनेक जण मुले मार्गी लागल्यावर तरुणपणीची हौस भागवायला निघाले आहेत. त्यांना दोन शब्द. आम्ही जी जुनी बुलेट शिकलो तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. येझदीला किक आणि गिअर एकाच दांड्यात होते. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण पायाची सवय बंद पडत नाही. संकटाच्या क्षणी पाय जुन्या जागी जातो. नवी गाडी आल्यावर पहिला महिना रिकाम्या रस्त्यावर सराव करावा.

नव्या क्लासिकला किक नाही, याचे कित्येकांना दुःख वाटते. मला डॉक्टर म्हणून आनंद वाटतो. जुन्या बुलेटची उलटी किक घोट्यावर किंवा नडगीवर बसून सुजलेले, मोडलेले पाय ज्याने पाहिले आहेत, तो तिच्यासाठी रडणार नाही. नव्या इंजिनात थरथर कमी करणारा तोलाचा दांडाही आहे. हाताच्या नसांना तेवढाच दिलासा.

पण वजन तेच आहे. क्लासिक १९५ किलोची आहे, हंटर आणि होंडाची हायनेस १८१ किलोच्या. मेन स्टँडवर लावताना कंबरेने ओढू नये. स्टँडच्या टेकूवर पूर्ण पाय रोवून शरीराचा भार त्यावर द्यावा, हात फक्त दिशेला असावेत. पडलेली गाडी उचलायची तर समोरच्या माणसाला हाक मारावी. उंच माणसाला खाली वाकण्याचे अंतर जास्त असते आणि बहुतेक कंबरा तिथेच जातात.

लांबचा प्रवास

वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. बसलेला माणूस मालेगाव, मेडशी, पातूर मागे टाकत थेट अकोल्यालाच उतरतो आणि मग "पाठ लाकूड झाली" म्हणतो. पाऊण तासाने उतरावे. मालेगावला चहा घ्या, घाट उतरला की पातूरला पाय मोकळे करा. दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे झुकावे, टाच मागे नेऊन मांडीचा पुढचा भाग ताणावा, खांदे गोल फिरवावेत. तीन मिनिटे लागतात. पाणी प्यावे. घरी रोज पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम करावेत. चांगली सीट बाहेरून आधार देते, स्नायू आतून देतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. नुसते कंबरेत दुखणे बहुतेक वेळा विश्रांतीने, चालते-फिरते राहून आणि बसकण सुधारून काही आठवड्यांत कमी होते. पण कळ गुडघ्याच्या खाली जात असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा राहत असेल, पंजा उचलताना अशक्त वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि जांघेत, बसण्याच्या जागेवर बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, तर एक तासही थांबू नये. मणक्यातल्या नसांचा झुपका दबल्याची ती खूण असते. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर नुकसान कायमचे राहते. गाडीवर खूप वेळ बसल्याने बूड बधिर झाले असेल, असे समजून माणूस झोपी जातो, हाच यातला धोका आहे. सीटमुळे आलेला बधिरपणा उतरून चालल्यावर थोड्या वेळात जातो. जो जात नाही, तो सीटचा नाही.

काही जण म्हणतील, आमच्या वडिलांनी राजदूतवर तीस वर्षे काढली, त्यांनी कुठे टेप लावला होता? बरोबर आहे. त्यांना निवडायला दुसरे काही नव्हते, आणि त्यांची कंबर साठीत किती सरळ होती हेही आपण पाहिले आहे. आज निवडायला दहा गाड्या आहेत, मग निवड करायला काय हरकत आहे?

उंच माणसाने हौस सोडावी असे मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः सोडली नाही. एवढेच करा. पैसे भरण्याआधी टेप, रोजचे बूट, फोटो काढणारा एक स्पष्टवक्ता सोबती आणि अर्ध्या तासाची सवड घेऊन शोरूममध्ये जा. बाहेर उभे असलेले काहीही म्हणोत, गुडघ्याने आणि कंबरेने होकार दिला की मगच सही करा. मुहूर्त एक दिवस पुढे गेला तरी चालेल.